ध्यान-तपासणी मंडळ आणि गुरांचा हौद

आधीच माफी मागतो. माझी शाळा मराठी चौथीला सुटली, त्यामुळं ऱ्हस्व-दीर्घ कुठं ना कुठं चुकणारच. मोठे शब्दही मला येत नाहीत. जे येतात ते कापसाच्या काट्यावर शिकलेले आहेत. सांभाळून घ्या.

जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, काम करणाऱ्याच्या अंगाला रुई चिकटते. घरी जाताना माणूस कपडे झटकतो, तोंड धुतो, आणि जेवायला बसला की आई म्हणते, कानामागं अजून आहे. किस्स्यांचंही तसंच असतं. मी काही ते गोळा करायला गेलो नव्हतो. खामगावच्या ध्यान-तपासणी मंडळात दीड वर्ष बसलो, एवढंच. अजूनही कुठं चार माणसं भेटली की कानामागून एखादा निघतो.

मंडळ म्हणजे तीन माणसं. अध्यक्ष रतनशेठ, जिनिंगचे मालक. चिटणीस डॉक्टर लेले, पुण्याकडून येऊन आमच्या गावात दवाखाना टाकलेले. आणि सभासद हुसेनचाचा, कापूस बाजारातले सगळ्यात जुने दलाल. चाचांना सभासद का केलं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. कोणी विचारलं तर म्हणायचे, "दोघायच्या मधात एक दलाल लागतेच ना."

चौथा मी, तुळशीराम. मी सभासद नव्हतो. माझ्याकडे घड्याळ होतं.

*

मंडळ निघालं ते जेवणाच्या ताटावर.

विलायतेतल्या एका कंपनीचा गोरा साहेब दर हंगामात कापूस घ्यायला शेठजींकडे यायचा. त्या वर्षी त्यानं जेवताना रुईची गोष्टच काढली नाही. योग्यांबद्दल विचारत बसला. त्याच्याकडचे विद्वान म्हणे ध्यानाला बसलेल्या माणसाचे श्वास मोजतात, नाडी मोजतात आणि त्यावर पुस्तकं छापतात. त्या कामाला मोठमोठे लोक देणग्या देतात.

शेठजींचा घास हातातच राहिला. साहेब गेल्यावर ते गादीवर येऊन बसले. मग म्हणाले, "कापूस आपला, कापड त्यायचं. ते चालवून घेतलं. आता ध्यान बी इथून कच्चं नेतीन अन् तिकडून पक्कं करून आपल्यालेच विकतीन."

दुसऱ्या दिवशी ठरलं, की वऱ्हाडातल्या ध्यानाची तपासणी खामगावातच होईल, आणि डॉक्टरसाहेब ती शास्त्रानं करतील.

आता पैसा कुठून आणायचा? आमच्या बाजारात येणाऱ्या प्रत्येक गाडीमागं धर्मादाय म्हणून थोडं कापून घ्यायची जुनी रीत होती. ते सगळं बाजाराच्या फाटकाजवळच्या गुरांच्या हौदाला जायचं. घाट उतरून आलेले बैल आधी त्या हौदात तोंड घालायचे आणि मगच गाडी आत यायची. शेठजी म्हणाले की बैल एखाद-दोन वर्षं दुसरीकडे पाणी पितील, शास्त्र काही थांबायचं नाही. धर्मादाय ध्यानाकडे वळला आणि हौद आठ दिवसांत कोरडा पडला.

तो हौद भरायचं काम माझ्या बापाचं होतं. बानं बावीस वर्षं तिथल्या विहिरीवर मोट हाकली. मोट थांबली, आणि त्याच आठवड्यात मला मंडळात घेतलं. म्हणजे बापाची मोट ज्या पैशानं चालायची त्याच पैशानं पोराच्या हातात घड्याळ आलं.

हे कोणाला तरी सांगायला पाहिजे, असं मला रोज वाटायचं. पण मी बोलणारा माणूस नाही.

*

मला घेतलंच होतं त्यासाठी.

डॉक्टरसाहेबांना श्वास मोजणारा शांत माणूस हवा होता. दोघं-तिघं पाहून झाले. एक खोकायचा, एक मोजता मोजता मोठ्यानं बोलायचा. शेठजींनी मला काट्यावरून बोलावलं आणि डॉक्टरसाहेबांना सांगितलं, "हा तीन वर्षं झाली माह्याकडं हाये. मी अजून याचा आवाज ऐकला नाही."

डॉक्टरसाहेबांनी मला विचारलं, की तुला मोजता येतं का. मी मान हलवली. ते म्हणाले, "उत्तम. उत्तरसुद्धा आवाज न करता देतो."

घड्याळ घरी नेलं तेव्हा बानं ते उलटसुलट करून पाहिलं, कानाला लावलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"चालते?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"मंग चालू दे."

दुसऱ्या दिवशी पहाटे ते नेहमीच्या वेळेला उठले, डोक्याला फडकं बांधलं आणि कोरड्या हौदाच्या काठावर जाऊन बसले. दुपारी भोंगा झाल्यावर घरी आले. पुढं ते रोजचं झालं.

*

मंडळ ध्यान करणाऱ्याला दूध, शिधा आणि प्रमाणपत्र देतं, असं कळल्यावर अर्जांचा ढीग लागला. एवढे योगी जिल्ह्यात राहतात हे पोलीस ठाण्यालाही माहीत नसेल.

शेठजींनी त्यांना कापसाची प्रतवारी लावली. पहिल्या वेच्याचं, म्हणजे पहिल्या वेचणीच्या कापसासारखं ध्यान, दुसऱ्या वेच्याचं ध्यान, आणि डागी, किडकं असेल ते कवडी. डॉक्टरसाहेब म्हणाले की शास्त्रात असं चालत नाही. शेठजींनी विचारलं, "मंग शास्त्रवाले माल कसा घेतेत?" प्रतवारी राहिली.

धामणगाव बढ्याहून एक महाराज आले. तीन तासांची समाधी लागते अशी त्यांची ख्याती होती. शेठजींनी आधी पाच मिनिटांचा नमुना मागितला. महाराज रागावले, समाधीचा नमुना नसतो म्हणाले, पण वाघाच्या कातड्यावर बसले. डॉक्टरसाहेबांनी मनगट धरलं. मी श्वास मोजू लागलो. नाडी बहात्तर. अर्धा तास झाला तरी बहात्तर. डॉक्टरसाहेबांचा चेहरा नव्या नवरदेवासारखा झाला.

चाचा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, की गाडीत वरच्या थराला सगळेच चांगला कापूस रचतात, नमुना मधून काढावा लागतो. मग ते महाराजांच्या पाठीमागं गेले आणि माझ्याशीच बोलल्यासारखं हळू म्हणाले, "तुळशीराम, आयकलं का? कापसाचा भाव पडला. दुपारपासून घ्यायले कोनी तयार नाही."

भाव पडला नव्हता.

नाडी एकशेआठवर गेली. महाराजांचे डोळे मिटलेलेच होते, पाठ ताठ होती, श्वासही ठीक होता. फक्त ओठ हलले. "किती पडला?"

नंतर कळलं, त्यांच्या घरी अकरा गाड्या कापूस विकायचा राहिला होता. डॉक्टरसाहेबांनी वहीत लिहिलं, 'बाह्य कारणाने व्यत्यय.' शेठजींनी खाली आपल्या हातानं लिहिलं, 'वरून पहिला वेचा, मधून कवडी.'

*

पुढचा किस्सा समजायला एक रीत माहीत पाहिजे.

आमच्या बाजारात भाव तोंडानं ठरत नाही. घेणारा आणि देणारा हातावर रुमाल नाहीतर शाल टाकतात आणि खालून एकमेकांची बोटं दाबतात. एक बोट म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, पंजा म्हणजे पाच. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव त्या दोघांनाच कळतो. देणाऱ्यानं 'दिला' म्हटलं की झालं. मग तो सौदा मोडत नाही, आणि शालीखाली काय झालं हे दोघांपैकी कोणी बाहेर सांगत नाही. बापाला नाही, बायकोला नाही.

तर एक म्हातारे दलाल होते. त्यांनी धंदा सोडला होता, संसार मुलांवर टाकला होता आणि सकाळ-संध्याकाळ ध्यान करायचे. चाचा म्हणाले, माणूस खरा आहे. त्यांना थंडी वाजते म्हणून अंगावर शाल घेऊन बसले. मनगट शालीखाली. डॉक्टरसाहेबांनी शालीखाली हात घातला आणि नाडीवर तीन बोटं ठेवली.

म्हातारबुवांचं ध्यान लागलेलं होतं, यात शंका नाही. श्वास मिनिटाला सहा. पण हाताला ध्यान कुठलं? हात चाळीस वर्षं बाजारात होता. डॉक्टरसाहेबांनी नाडी नीट लागेना म्हणून तीन बोटं जरा दाबली. म्हातारबुवांनीही बोटं दाबली. डॉक्टरसाहेबांनी पुन्हा दाबली.

"दिला," म्हातारबुवा म्हणाले.

शेठजी झोपेतून उठल्यासारखे ताठ झाले. "काय भावानं?"

म्हातारबुवांनी डोळे उघडले. सगळे डॉक्टरसाहेबांकडे पाहू लागले. डॉक्टरसाहेब सांगत राहिले, की मी फक्त नाडी पाहत होतो. चाचांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "साहेब, शालीखाली पाह्यलं ना? मंग झालं."

संध्याकाळी म्हातारबुवांच्या मुलानं दोन गाड्या कापूस दवाखान्याच्या अंगणात आणून उभ्या केल्या. त्या वर्षी खामगावात बोट जरी कापलं तरी डॉक्टरसाहेब कोपरापर्यंत कापूस गुंडाळायचे.

*

सरकारकडूनही पैसा मिळावा म्हणून डॉक्टरसाहेबांनी नागपूरच्या एका खात्याला अर्ज केला. चार महिन्यांनी उत्तर आलं. वऱ्हाडचा खर्च वेगळा आणि मध्यप्रांताचा वेगळा दाखवावा लागतो, तरी ध्यान करणारी व्यक्ती ध्यानाच्या वेळी वऱ्हाडात असते की मध्यप्रांतात, याचा खुलासा करावा.

डॉक्टरसाहेब खरं बोलणारे. त्यांनी लिहिलं, की शरीर वऱ्हाडात असते, मनाबद्दल खात्रीने सांगता येत नाही.

पुन्हा तीन महिन्यांनी उत्तर. मनाचा ठावठिकाणा निश्चित झाल्यावर अर्ज नव्याने करावा.

शेठजींनी ते पत्र चौकटीत घालून गादीच्या वर लावलं. आलेल्या माणसाला दाखवायचे. "पाहा, सरकार बी चौकशी करून राह्यलं."

*

बाचा किस्सा सांगावा की नाही, हे मी ठरवलं नव्हतं. पण तो गावात सगळ्यांना माहीत आहे, मग मीच सांगितलेला बरा.

डॉक्टरसाहेब रोज सायकलवरून बाजाराच्या फाटकातून यायचे. एक दिवस त्यांना दिसलं की हौदाच्या काठावर एक म्हातारा बसलाय. पाठ ताठ, हात मांडीवर, नजर एका जागी. परत जाताना पाहिलं, तसाच. दुसऱ्या दिवशी तसाच. तिसऱ्या दिवशी ते धावतच मंडळाच्या माडीवरच्या खोलीत आले आणि मला म्हणाले, घड्याळ घे, आपण ज्याला शोधत होतो तो सापडला.

मी त्यांच्या मागं गेलो. काठावर बा बसलेले. डॉक्टरसाहेबांना ते माझे वडील आहेत हे ठाऊक नव्हतं. माझ्या तोंडून ते निघालं नाही. बानंही माझ्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं.

मी श्वास मोजले. मिनिटाला नऊ. नाडी अठ्ठावन्न. बाजारात गाडीवाले ओरडत होते, भोंगा झाला, तरी अठ्ठावन्न. डॉक्टरसाहेब गुडघ्यावर बसले आणि मोठ्या आदरानं विचारू लागले.

"बाबा, आपण लक्ष कशावर ठेवता?"

"विहिरीवर."

"आणि मग आत काय दिसतं?"

"पानी."

डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडे पाहून लिहायची खूण केली. "पाणी. बरं. आणि त्याच्या पुढं?"

"पुढं काही नाही," बा म्हणाले. "ते काढाले कोनी नाही."

डॉक्टरसाहेबांनी ते सगळं जसंच्या तसं वहीत लिहून घेतलं. मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवलं, की हा माणूस फार वरच्या अवस्थेत आहे. शेठजींनी विचारलं, त्यानं अर्ज केला का? नव्हता केला. मग तो तपासणीत धरता येईना. चाचा जाताना माझ्या पाठीवर थाप मारून गेले. ते बाला ओळखत होते.

*

दुसरा हंगाम संपत आला तेव्हा उंद्रीचे पुंजाजी आले.

पुंजाजी साधे शेतकरी, वर्षाला दोन-तीन गाड्या आणणारे. ते सरळ जिना चढून वर आले, जोडे बाहेर काढले आणि म्हणाले की त्यांना ध्यान पाहायचं आहे. डॉक्टरसाहेबांनी सांगितलं, बाहेरच्या माणसांना आत येता येत नाही.

"मी बाहेरचा कसा?" पुंजाजी म्हणाले. "तीन गाड्यायचा धर्मादाय कापला माह्या. त्याच्यात माह्या वाट्याचं काही तरी असंन. ते दाखवा."

हे बरोबर होतं, म्हणून डॉक्टरसाहेबांनी त्यांनाच कातड्यावर बसवलं. डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या, दुसरा विचार आणू नका. पुंजाजी मध्यरात्री उंद्रीहून निघून घाट उतरून आले होते. त्यांनी डोळे मिटले आणि दहाव्या श्वासाला घोरायला लागले. डॉक्टरसाहेब उत्साहानं म्हणाले, की शरीर किती पटकन सैल झालं पाहा. मी मोजत राहिलो.

तासाभरानं पुंजाजी उठले. तोंडावरून हात फिरवला, आजूबाजूला पाहिलं.

"मस्त हाये," ते म्हणाले. "माहं झालं. आता बैलायले काय देता?"

डॉक्टरसाहेबांना कळेना. पुंजाजींनी खिडकीतून फाटकाकडे बोट दाखवलं. त्यांचे दोन बैल हौदाच्या पाशी उभे होते आणि कोरड्या तळाला जीभ लावत होते. शेजारी बा उभे. त्यांच्या हातात काहीच नव्हतं, म्हणून ते एका बैलाच्या मानेवर नुसता हात फिरवत होते.

पुंजाजी जोड्यांकडे जाता जाता माझ्याजवळ थांबले.

"तू किसनभाऊचा पोरगा ना?"

मी मान हलवली.

"तुले सारं दिसते. मंग तू बोलत काऊन नाही बे?"

ते बैल घेऊन नदीकडे गेले. मी खिडकीत उभा राहिलो. त्या दिवसाच्या पानावर पुंजाजींचे श्वास लिहायचे होते, ते मी लिहिले नाहीत. दीड वर्षात तेवढं एकच पान कोरं आहे.

*

आता शेवटचा.

वर्षाची सभा बाजारातल्या मोठ्या छपरात भरली. पुढच्या सालचा धर्मादाय कुठं जायचा हे शेठजी त्या दिवशी ठरवणार होते. दलाल होते, व्यापारी होते, मागं गाडीवाले शेतकरी उभे होते. पुंजाजीही होते. बा आले नव्हते, ते आपल्या जागेवर होते.

अहवाल डॉक्टरसाहेबांनी लिहिला होता. आयत्या वेळी त्यांचा घसा बसला. ते म्हणाले, तुळशीराम वाचेल, त्याचंच तर सगळं मोजमाप आहे.

मी उभा राहिलो. कागद हातात होता. पहिली ओळ मला दिसत होती, ध्यानाचं कार्य समाधानकारक चालू आहे आणि धर्मादाय असाच मिळावा अशी विनंती आहे. ती ओळ मला वाचायची नव्हती. दुसरी एक ओळ होती, ती कागदावर नव्हती आणि मला ती म्हणायची होती. दोन्ही ओळी घशात आल्या आणि तिथंच एकमेकींना अडून बसल्या. मी नुसता उभा राहिलो.

एक मिनिट गेलं. लोक कुजबुजू लागले. माझी नजर समोरच्या खांबावर होती, ती हलेना. पापणीही हलली नसेल. कारण नंतर डॉक्टरसाहेबांच्या वहीत मी पाहिलं, त्यांनी लिहिलं होतं, 'चार मिनिटे. पापणी स्थिर.'

बसलेल्या घशानं ते शेठजींना म्हणाले, की पाहा, शेवटी आपल्याच माणसात सापडलं. मागं कोणी तरी हात जोडले.

"साहेब, तो लाजून राह्यला," चाचा म्हणाले.

डॉक्टरसाहेबांनी ऐकलं नाही. ते पुढं आले आणि माझं मनगट धरलं. धरून ठेवलं. मग त्यांचा चेहरा उतरला. "बाहेरून अगदी दगड," ते म्हणाले, "आणि नाडी एकशेचाळीस."

शेठजी उठले. एवढ्या वर्षांत त्यांनी मला कधी एवढ्या जवळून पाहिलं नसेल. ते कापूस पाहतात तसे पाहत होते, डोळे बारीक करून. "मंग याले कोणता नंबर द्यायचा?"

"नंबर नका देऊ," चाचा म्हणाले. "त्याले काही तरी सांगाचं हाये. तोंडानं येत नाही तर हातानं घ्या. बाजारात भाव आपण कसा घेतो?"

त्यांनी आपल्या खांद्यावरची शाल काढली आणि माझ्या हातावर टाकली.

शेठजींनी थोडा विचार केला, बाह्या मागं सारल्या आणि शालीखाली हात घातला. त्यांचा हात गरम होता. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "धर्मादायाचा रुपया सोळा आण्याचा. त्याच्यातले ध्यानाले किती ठेवाचे, हे तू सांग. दीड वर्ष तूच मोजून राह्यला."

मी त्यांची बोटं धरली.

शेठजींनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी बोटं दाबली. मी पहिल्यासारखीच धरली. त्यांनी पुन्हा दाबली, जरा जोरानं. मी पुन्हा तशीच. शाल तीनदा हलली असं लोक सांगतात. मागून पुंजाजी टाचा उंच करून पाहत होते.

"दिला," शेठजी म्हणाले.

डॉक्टरसाहेब पुढं सरसावले. "किती? मंडळाला किती राहिले?"

शेठजींनी हात बाहेर काढला, शाल झटकली, नीट घडी केली आणि चाचांना दिली.

"डॉक्टरसाहेब," ते म्हणाले, "तुमी तर शालीखाली दोन गाड्या घेतल्या हायेत. तुमाले रीत माहीत हाये."

मला त्यानंतर शंभर जणांनी विचारलं. आईनं विचारलं. चाचांनी मात्र विचारलं नाही. मी सांगितलं नाही आणि इथंही सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाच्या आधी उठलो. मोटेचं चामडं बानं तेल देऊन ठेवलेलं होतं, ते काढलं आणि फाटकाजवळ गेलो. हौदाच्या तळाला दीड वर्षाची रुई आणि माती बसली होती. खराट्यानं घासून ती काढली. तोवर बा आले, डोक्याला फडकं बांधून. त्यांनी एकदा हौदाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि काही न विचारता मोटेला बैल जुंपायला गेले.